भावजी नशेत असतात तेव्हा

कॅनडातील सरे शहरातून एका भगिनींनी कळवले आहे की, बेसमेंटमध्ये राहणारा त्यांचा धाकटा दीर काही महिन्यांपासून क्रिस्टल मेथ हा झोप उडवणारा अमली पदार्थ घेतो, दोन-दोन रात्री जागाच असतो आणि मागच्या शनिवारी त्याने बुक्की मारून स्वयंपाकघराच्या दाराला भोक पाडले. घरात आठ वर्षांची मुलगी आहे. पुण्याहून आलेल्या सासूबाई मात्र घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून हात जोडतात.

ताई, सासूबाईंच्या पोटात माया आहे, हे मी जाणते. परंतु सलग जागरण आणि मेथ यांमुळे माणसाला घरचेच लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत असे वाटू लागते, आणि अशा वेळी "भावजी, आईंचा तरी विचार करा" एवढे म्हटलेलेही त्याला टोचते. म्हणून नशा उतरेपर्यंत समजूत घालू नका. आवाज खाली ठेवा, मोजके बोला, त्याच्यापासून दूर राहा, त्याची वाट अडवू नका आणि स्वतः दाराजवळ उभ्या राहा. पुडी हिसकावून घेऊ नका. हातघाईवर यायला तेवढे कारण पुरते. स्वयंपाकघरात तर हा विषय काढूच नका, कारण सुरी आणि उकळता चहा तिथेच हाताशी असतात.

त्याने हात उगारला किंवा धमकी दिली, तर मुलीला आणि सासूबाईंना घेऊन आधी बाहेर पडा आणि मग ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. पत्ता, बेसमेंटचे दार मागच्या बाजूला आहे ही गोष्ट, त्याने काय घेतले आहे आणि हातात काही आहे का, एवढे सांगा. घराचा पत्ता देवनागरीत लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे सासूबाईंनाही तो वाचून दाखवता येईल.

दुसरा धोका फेंटानिलचा, म्हणजे श्वास मंदावणाऱ्या अतितीव्र अमली पदार्थाचा आहे. विषारी अमली पदार्थांनी होणाऱ्या मृत्यूंमुळे, सरे ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियाने एप्रिल २०१६ मध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली, आणि मेथ म्हणून विकत घेतलेल्या पुडीतही फेंटानिल असू शकते. तो हाका मारूनही उठत नसेल, श्वास मंदावला असेल, घशातून घरघर येत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर ९११ ला कळवून नॅलोक्सोन हे फेंटानिलचा असर उतरवणारे औषध द्या. त्याचा संच तिथल्या अनेक फार्मसींत मोफत मिळतो. मेथ किंवा दारूची नशा त्याने उतरत नाही. शुद्धीवर येताना माणूस गोंधळून चिडू शकतो, त्यामुळे औषध दिल्यावर थोडे मागे सरा. परंतु त्याला एकटे सोडू नका, कारण औषधाचा असर ओसरल्यावर श्वास पुन्हा मंदावू शकतो. अशा वेळी मदत बोलावणाऱ्यावर केवळ अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा गुन्हा लावला जात नाही, असा कायदा कॅनडात २०१७ पासून आहे.

उपचारांचे बोलणे तो झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि दिवसाउजेडी तुमच्या यजमानांनी करावे. तोवर मुलीला सासूबाईंजवळ वरच्या मजल्यावर झोपवा, त्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घ्या आणि फोन त्यांच्या उशाशी ठेवा.