वही आहे तशीच राहू द्या

प्रश्न : सहकारनगरला आमचा जुना फ्लॅट आहे. बाथरूममधली गंजलेली जीआय (लोखंडी) लाइन काढून सीपीव्हीसी (प्लास्टिक पाइप) टाकून घेतली. मजुरी ठरली होती. मटेरियल 'लागेल तसं' असं तोंडीच बोलणं झालं. बिल आलं ६१,४०० रुपयांचं. त्यात ५८ एल्बो (पाइप वळवायचे जोड) आणि २२ ब्रास (पितळी आट्यांचे) एल्बो लावलेत. सासरे रोज आलेला माल वहीत लिहायचे, त्यांचे आकडे बरेच कमी आहेत. ४०,००० रुपये देऊन बाकी थांबवली. आता चार महिन्यांनी गिझरमागून पाणी झिरपून खालच्यांचं छत खराब झालंय. ते भरपाई मागतात. ठेकेदार म्हणतो, आधी बाकी द्या. वहीत खाडाखोड आहे. ती फेअर करून वकिलांना द्यावी का?

उत्तर : मुळीच नाही. त्या वहीची किंमत आहे ती कामाच्या दिवशी, माल समोर असताना लिहिली गेली म्हणून. खोडलेला आकडा, मध्येच आलेला दूधवाल्याचा हिशेब, सगळं तसंच राहू द्या. आज नव्या कागदावर उतरवलेली नोंद म्हणजे वादानंतर तयार केलेला कागद. समोरचा वकील पहिला प्रश्न तिथेच विचारेल. शपथपत्र सासऱ्यांचं हवं, तुमचं नाही, कारण लिहिलं त्यांनी.

मात्र एकट्या वहीवर निभावणार नाही. आपणच लिहिलेली नोंद आपल्याच बाजूने, हे दुबळंच. तिला दुकानाच्या चिठ्ठ्या जोडा. त्या कच्च्या असल्या तरी तारीख आणि नग त्यावर असतात. ठेकेदाराकडे पक्कं बिल लेखी मागा. पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहक पंचायत ज्या पुण्यात उभी राहिली, तिथेही 'बिल केलं तर जीएसटी पडेल' हे ऐकून आपण गप्प बसतो, हे खरं.

पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या बुजवण्याआधी उघड्या भिंतीचे फोटो काढले असतील तर वहीपेक्षा ते भारी. प्रिंट काढून फोनमधून उडवू नका; मूळ फाइल तारखेसकट ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांचा फार काच करत नाही, तरी जोडलेलं बरं.

आता ५८ एल्बोंचं. त्यावर फार भांडू नका. साधा एल्बो स्वस्त असतो, दोन-चार कापाकापीत वाया जातात, काही फरशीखाली गेल्यामुळे फोटोत येत नाहीत. पैसा ब्रासमध्ये आहे, आणि ते आजही भिंत न फोडता मोजता येतं. नळ, गिझर, बेसिन, जेट, फ्लश टँक असा टाइल्सबाहेर आलेला प्रत्येक पॉइंट मोजा; साधारणपणे प्रत्येकामागे एक ब्रास फिटिंग असतं. नऊ-दहा पॉइंट भरले आणि बिलात २२ असतील, तर उरलेले कुठे लावले ते ठेकेदाराने दाखवावं. जेवढी रक्कम तुम्हाला मान्य आहे तेवढी मात्र यूपीआयने किंवा चेकने देऊन टाका, आणि 'हक्क अबाधित ठेवून' असं लेखी कळवा. सगळीच बाकी अडवून धरली तर तुमची बाजू विनाकारण लंगडी होते.

गळती हा याहून मोठा मामला. सोसायटीच्या आदर्श उपविधींत फ्लॅटच्या आतल्या नळजोडणीची गळती सभासदाच्या माथी असते, म्हणून खालच्यांना ठेकेदाराकडे बोट दाखवून चालणार नाही. त्यांचं नुकसान आधी निस्तरा, मग ते ठेकेदाराकडून मागा.

पण टाइल फोडायच्या आधी ठेकेदाराला तारीख-वेळ कळवून हजर राहायला सांगा. आला नाही तरी कळवल्याचा पुरावा उरतो. दुसरा प्लंबर आणि सोसायटीचा एखादा पदाधिकारी यांच्यासमोर जॉइंट उघडा, व्हिडिओ घ्या. गळका तुकडा दोन्ही बाजूंनी थोडा पाइप ठेवून कापायला सांगा आणि तारीख घालून, सह्या घेऊन पिशवीत बंद करा. पाइप जोडाच्या तोंडात पूर्ण गेलाय की अर्धवटच, सॉल्व्हंट सिमेंट (पाइप चिकटवायचा गोंद) गोल सगळीकडे लागलंय का, हे त्या तुकड्यावर दिसतं. काम करणारे तो हमखास राडारोड्यात टाकतात, म्हणून त्या वेळी स्वतः तिथे थांबा.

मग पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा. तिच्यात जादा लावलेल्या मालाचे पैसे, दुरुस्तीचा खर्च आणि खालच्यांना दिलेली भरपाई वेगवेगळी मांडा. दाद दिली नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार करता येईल. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कामाचा मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, आणि वकील सक्तीचा नाही.