‘रिकामे’ म्हणण्यापूर्वी

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना जठराची सोनोग्राफी शिकवण्याचे काम तुझ्याकडे आल्याचे कळले. भूल दिल्यावर पोटातले फुफ्फुसात जाऊ नये, म्हणून जठर रिकामे आहे की भरलेले हे आधी पाहण्याची ही तपासणी. माझा आग्रह एकच आहे, की सुरुवात रुग्णांपासून करू नकोस. ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी आलेले बहुतेक रुग्ण उपाशीच असतात. केवळ त्यांच्यावर हात बसवलेला विद्यार्थी ‘रिकामे’ एवढेच म्हणायला शिकतो, आणि ते बहुधा खरे निघत असल्यामुळे, त्याला काहीच दिसत नव्हते ही गोष्ट कोणाच्याही लक्षात येत नाही.

त्याऐवजी रात्रीपासून उपाशी असलेल्या एखाद्या निरोगी सहकाऱ्याची तयारी असेल, तर त्याचे जठर आधी दाखव, मग त्याला पेलाभर पाणी पाजून लगेच पुन्हा दाखव. दुसऱ्या दिवशी कोणाला तरी पोहे आणि चहा देऊन दाखव. पाणी काळे दिसते, तर नुकतेच खाल्लेले अन्न आत मिसळलेल्या हवेमुळे घासलेल्या काचेसारखे धूसर दिसते आणि मागची भिंत झाकून टाकते. ही चित्रे डोळ्यांत बसल्यावर, कोणी काय खाल्ले हे लपवून, परीक्षा घे.

प्रोब (यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग) ठेवताच विद्यार्थी जठर शोधू लागतात. तसे करू देऊ नकोस. मोठ्या माणसात कमी फ्रीक्वेन्सीचा वक्र प्रोब उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खाली उभा धरून आधी यकृताचा डावा भाग, स्वादुपिंड आणि महारोहिणी ओळखायला लाव. जठराचा अँट्रम, म्हणजे आतड्याकडचा शेवटचा भाग, यकृताच्या मागे आणि स्वादुपिंडाच्या पुढे सापडतो. उताण्या स्थितीत पाहून थांबणे ही नवख्यांची नेहमीची सवय असते. उजव्या कुशीवर वळवल्यावर द्रव अँट्रमकडे येतो, म्हणून दोन्ही स्थितींत काही न दिसल्यास श्रेणी ०, फक्त कुशीवर द्रव दिसल्यास १ आणि दोन्हींत दिसल्यास २ समजतात.

अँट्रमच्या छेदाचे मोजमाप आकुंचनांच्या मधल्या विश्रांतीत, भिंतीची बाहेरची कड धरून आणि कुशीवरच घ्यावे. भूलतज्ज्ञ पर्लास यांच्या सूत्राप्रमाणे २७ मध्ये या छेदाच्या क्षेत्रफळाची (चौरस सेंमी) १४.६ पट मिळवून वयाची १.२८ पट वजा केली की जठरातला द्रव मिलीलिटरमध्ये मिळतो. पन्नास वर्षांच्या, साठ किलो वजनाच्या रुग्णात क्षेत्रफळ ८ आले तर उत्तर सुमारे ८० येते, म्हणजे किलोमागे दीड मिलीलिटर या प्रचलित मर्यादेच्या (येथे ९०) आत. घन अन्न दिसले तर मात्र गणित करत बसू नये. ते पोट भरलेलेच धरायचे.

टोरांटोच्या २०१३ मधील अभ्यासात ९५ टक्के अचूकतेसाठी सरासरी सुमारे ३३ तपासण्या लागल्या. पण ते मोजकेच आणि प्रशिक्षित भूलतज्ज्ञ होते, तेव्हा हा आकडा आपल्या मुलांना प्रमाणपत्र म्हणून लागू करू नकोस. नोंदवहीत ‘रिकामे’ आणि ‘भरलेले’ यांच्या शेजारी ‘दिसले नाही’ हाही रकाना ठेव, आणि तो भरणाऱ्याला रागावू नकोस. अशा रुग्णाचा निर्णय एनबीएमचे (तोंडाने काहीही न घेतल्याचे) तास, मधुमेह, वेदना, औषधे पाहूनच घ्यावा लागेल.

गर्भवतींवर सराव ठेवू नकोस. त्यांचा अँट्रम वर आणि उजवीकडे सरकलेला असतो; शिवाय गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार गर्भवतीच्या सोनोग्राफीची संपूर्ण नोंद ठेवावी लागते, पाहायचे जठर असले तरीही. यंत्राची या कायद्याखालची नोंदणी तपासल्याशिवाय पहिला वर्ग ठरवू नकोस.

कळावे,
तुझे शिक्षक