जुन्या कागदी सिल्हूटवर (बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याची काळी आकृती) फक्त ‘म्युझियम’ असा उठावाचा शिक्का आहे, हे कोणी कापलं असेल?

शिक्का बहुतेक अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या चित्रकार चार्ल्स विल्सन पीलच्या म्युझियमचा. पण कात्री पीलच्या हातात नव्हती, तिथली बहुतेक सिल्हूट मोझेस विल्यम्सने कापली आणि त्याचं नाव त्या कागदांवर नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोझेस पीलच्या घरात गुलाम म्हणून वाढला. पीलने स्वतःच्या मुलांना रेम्ब्रांट, राफाएल, टिशन अशी मोठ्या चित्रकारांची नावं ठेवली, त्यांना पेंटिंग शिकवलं, आणि मोझेसच्या वाट्याला काय तर मेलेल्या प्राण्यांत भुसा भरणं, म्युझियममधली मांडामांड. मग 1802 मध्ये तिथे फिजिओनोट्रेस हे चेहऱ्याची कड रेखाटणारं मशीन आलं, त्याच सुमारास पीलने त्याला गुलामीतून मोकळं केलं आणि मशीनचं काम त्याच्याकडे दिलं.

माणूस बाजूने बसायचा, पितळेची पट्टी त्याच्या कपाळावरून नाकावरून हनुवटीपर्यंत फिरवली की जोडलेल्या दांड्यांमुळे तीच रेघ लहान होऊन कागदावर उमटायची. कागदाला आधीच दोन घड्या, म्हणजे एकदा कापलं की चार कॉप्या. मोझेस आतलं डोकं कापून काढून टाकायचा आणि उरलेल्या पांढऱ्या कागदामागे काळा कागद किंवा कापड लावलं जायचं, त्यामुळे आपल्याला दिसतो तो काळा चेहरा म्हणजे खरं तर भोक असतं! मशीन फक्त रेघ द्यायचं हो, ओठांची ती बारीक वळणं कात्रीने काढायला हातच लागतो. पीलच्या हिशोबाने एकट्या 1803 मध्ये आठ हजारांवर सिल्हूट झाली. त्याच कमाईतून मोझेसने दुमजली विटांचं घर घेतलं आणि पीलच्याच घरच्या गोऱ्या स्वयंपाकिणीशी, मारियाशी लग्न केलं. रेम्ब्रांट पीलने लिहून ठेवलंय की ही मारिया आधी मोझेससोबत एका टेबलवर जेवायलाही तयार नव्हती.

आता तुमचं सिल्हूट नीट बघा. काळा कागदच कापून पांढऱ्यावर चिकटवला असेल तर ते या पद्धतीचं नाही. तसं काम ऑगस्ट एदुआर हा फ्रेंच कलाकार करायचा, मशीनबिशीन काही नाही, नुसती नजर आणि कात्री. तो प्रत्येकाची एक कॉपी नाव-तारखेसकट वहीत ठेवायचा, 1849 मध्ये अमेरिकेतून परतताना ग्वेर्नसी बेटाजवळ जहाज फुटलं आणि त्यातल्या बऱ्याच वह्या बुडाल्या. पांढऱ्यात भोक असेल आणि शिक्का शाईविना नुसता दाबलेला असेल तर मोझेसची शक्यता चांगलीच आहे, पण नकली शिक्केही फिरतात, त्यामुळे विकत घेण्याआधी जाणकाराला दाखवाच. आणि ‘मोझेस विल्यम्स, कटर ऑफ प्रोफाइल्स’ असं लिहिलेलं त्याचं स्वतःचं सिल्हूट फिलाडेल्फियाच्या ‘लायब्ररी कंपनी’ या ग्रंथालयात आहे, ते जरूर बघा.