उजवी बाजू गप्प होणारा पायोनियर दुरुस्त करावा का?

ताई, तुमचं वर्णन दोनदा वाचलं. काकांनी कुवेतहून आणलेला पायोनियर एसएक्स-७८० (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत असलेला स्टीरिओ सेट), उजव्या बाजूचा आवाज मधूनच जातो, व्हॉल्यूम वाढवला की खरखर करत परत येतो. मेकॅनिक म्हणतो, १४,००० रुपयांत सगळे कंडेन्सर बदलून घ्या, नाहीतर भंगारात द्या. माझं म्हणणं आधीच सांगतो: यातलं काहीच आत्ता करू नका. सेट किती वर्षांचा आहे यावर हा निर्णय होत नाही. आत नेमकं काय बिघडलंय यावर होतो, आणि ते अजून कुणी बघितलेलंच नाही.

आवाज जातो आणि परत येतो, ही चांगली खूण आहे. जळालेला भाग बटण फिरवल्याने जिवंत होत नाही. बहुतेक वेळा कुठला तरी संपर्क काळवंडलेला असतो: स्पीकरचा रिले (सेट सुरू झाल्यावर 'टक्' करून स्पीकर जोडणारा आतला स्विच), टेप मॉनिटरचं बटण (टेपचा आवाज निवडणारं), नाहीतर व्हॉल्यूम-बॅलन्सचं पॉट, म्हणजे नॉबमागचा फिरता भाग. आवाज लहान असताना सिग्नल त्या काजळीतून पार होत नाही, मोठा केला की होतो. आपल्या नागपुरात हे जास्त होतं. उन्हाळाभर हॉलमध्ये कूलर चालतो, सेटही तिथेच असतो. महिनोन्‌महिने ओला वारा खायचा, मग बाकी वर्ष धूळ. मी उघडलेल्या सेटांमध्ये सगळ्यात काळे संपर्क कूलरच्या समोर ठेवलेल्यांचे निघाले.

तेव्हा आधी घरीच बघा. सेट बंद करून मागच्या स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या अदलाबदल करा. आता डावा स्पीकर गप्प होऊ लागला तर दोष सेटमध्ये आहे. उजवाच गप्प राहिला तर सेट निर्दोष, स्पीकर किंवा त्याची वायर बघा. मग एकदा एफएमवर १००.६ ला विविध भारती लावा, एकदा मोबाइल ऑक्सला, म्हणजे मागच्या बाहेरचा आवाज घेणाऱ्या जागेला, जोडा. दोन्हींपैकी एकाच ठिकाणी त्रास होत असेल तर स्पीकर चालवणारा पॉवरचा भाग निर्दोष, दोष त्याच्या आधी आहे. शेवटी प्लग काढून प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, प्रत्येक बटण तितक्याच वेळा दाबा. एवढ्यानेच चार दिवस आवाज नीट आला तर रोग कळला. पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर लागतो. रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे पॉटमध्ये कुणालाही मारू देऊ नका. झाकण मात्र तुम्ही उघडू नका, मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो.

आता खरा प्रश्न. या मॉडेलमध्ये प्रत्येक बाजूला ४५ वॉट देणारा पॉवरचा भाग सुट्या ट्रान्झिस्टरांचा नाही. सान्योचे एसटीके-००५० नावाचे दोन बंद ठोकळे आहेत, एका बाजूला एक. ते आता बनत नाहीत, आणि बाजारात मिळतात त्यांत नकली माल भरपूर आहे. म्हणून मेकॅनिककडे गेलात की पहिली मागणी ही करा: स्पीकर काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, रिले 'टक्' वाजल्यावर स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी (तिथे जवळपास शून्य असायला हवं असं स्थिर व्होल्टेज) मोजून दाखवा. दोन्ही बाजूंना ५० मिलिव्होल्टच्या आत आलं तर ठोकळे शाबूत आहेत असं मी धरतो. १०० च्या वर असेल तर कारण शोधायचं. काही व्होल्ट निघाले, किंवा रिले वाजतच नसेल, तर त्या सेटला स्पीकर जोडायचाच नाही. ठोकळा गेलाच असेल तर सुट्या ट्रान्झिस्टरांची पर्यायी पाटी बनवणारे लोक आहेत, पण तसं काम स्वतः केलेला माणूस मिळाला तरच पुढे जा.

दुसरा जीव ट्रान्सफॉर्मरमध्ये. तो गेला तर मी थांबायला सांगेन, त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला सेट हाती लागला तरच बात वेगळी. माझा स्वतःचा एक जपानी सेट असाच गेला. फ्यूज सारखा उडतो म्हणून एका दुकानात नेला, तिथे फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधून दिली. तीन दिवस छान वाजला, चौथ्या दिवशी ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा वास घरभर झाला. मूळ दोष एका स्वस्त डायोडमध्ये होता. म्हणून आता कुठलाही अनोळखी सेट मी आधी सिरीज बोर्डावर लावतो, म्हणजे सेटची वीज साध्या १०० वॉटच्या पिवळ्या बल्बमधून जाते. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे. तुमच्या मेकॅनिककडे हा बोर्ड नसेल तर सेट उचला आणि बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) दुसरीकडे विचारा. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो २४० वर आहे ना, तेही बघून घ्या.

कंडेन्सरबद्दल: सगळे सरसकट बदलणं मला पटत नाही. साधारण हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते. त्यामुळे हीटसिंकजवळचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांजवळचे) आणि पॉवर सप्लायचे बदलायला मी हरकत घेणार नाही, तेही १०५ अंशांपर्यंत चालणारे. पण ट्यूनरच्या, म्हणजे रेडिओच्या पाटीवर चांगलं चालत असताना हात घातला की अलाइनमेंट (स्टेशन नीट पकडण्याची बारीक जुळणी) बिघडायची भीती. तिथे सोल्डरिंग नकोच.

पैशाचं म्हणाल तर रिले, सफाई, ड्राय सोल्डर (सैल झालेले सोल्डरचे जोड) आणि मोजके कंडेन्सर एवढंच निघालं तर डोळे मिटून करून घ्या. ठोकळे आणि ट्रान्सफॉर्मर शाबूत असलेला हा सेट भंगारात जाताना बघणं मला जमणार नाही. एक ठोकळा गेला असेल तर १४,००० चा आकडा विचारात घेण्यासारखा आहे, पण काम झाल्यावर तासभर तुमच्यासमोर वाजवून, पुन्हा डीसी मोजून, आणि काढलेले जुने भाग हातात घेऊनच पैसे द्या. ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर तुमच्या बाबांना विचारून लाकडी कॅबिनेटसह सेट तसाच ठेवा, त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला सेट मिळेपर्यंत. आधी वायरींची अदलाबदल करून बघा आणि कुठली बाजू गप्प होते ते सांगा.