प्राथमिक शाळेचा गणिताचा निकाल एका वर्षात ५७ वरून ४८ टक्क्यांवर आला. मुलीची शाळा बदलावी का?

एवढ्यावरून नका बदलू. आधी शाळेत जाऊन एवढंच विचारा की चाचणीला बसलेली मुलं किती होती.

तुम्ही लिहिलंय, मुलगी तिसरीत आहे आणि चौथीच्या प्रमाणित चाचणीत यंदा वाचनात ६२ टक्के, गणितात ४८ टक्के मुलं 'प्रवीण' ठरली. गणितात गेल्या वर्षी ५७ होती. मी बरीच वर्षं चौथीला शिकवलं. शाळेच्या निकालाचे तक्ते बनवायचं कामही माझ्याच गळ्यात असायचं, त्यामुळे असे धास्तावलेले पालक मी दरवर्षी पाहिलेत.

समजा, चौथीचा पट ६० आहे. ५७ टक्के म्हणजे ३४ मुलं, ४८ टक्के म्हणजे २९. सगळा फरक पाच मुलांचा. शिवाय कुणी 'घसरलं' असंही नाही, कारण गेल्या वर्षीची चौथी पाचवीत गेली आणि ही मुलं वेगळीच आहेत. एवढ्या लहान गटात शिकवण्यात काडीचाही फरक न पडता, निव्वळ योगायोगाने आठ-नऊ टक्के इकडेतिकडे होतात. थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या शाळांच्या निकालांवर २००२ साली लिहिलं होतं. त्यात क्रमवारीच्या दोन्ही टोकांना, अगदी वर आणि अगदी खाली, लहान शाळांचीच गर्दी होती. पट ३०० असता आणि निकाल नऊने पडला असता, तर मीही काळजी केली असती.

आता 'प्रवीण' या शब्दाकडे या. चाचणीतून प्रत्येक मुलाला गुण मिळतात आणि कुठल्या गुणापासून पुढे प्रवीण म्हणायचं हे एक समिती ठरवते. त्या रेषेच्या एक गुण खाली आणि पन्नास गुण खाली, दोघंही टक्केवारीत सारखेच. माझ्या वर्गातल्या एका मुलाला वर्षाच्या सुरुवातीला वजाबाकीतला हातचा कळत नव्हता. वर्षअखेरीस तो भागाकार करत होता. रेषेपर्यंत मात्र पोचला नाही, म्हणून शाळेच्या आकड्यात त्याची वर्षभराची मेहनत शून्य.

याचा उलटा खेळही चालतो. अमेरिकेत २००२ साली लागू झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची चाचणी सक्तीची केली आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं प्रवीण झाली पाहिजेत असं ठरवून टाकलं. ते व्हायचं नव्हतंच. पण कित्येक शाळांनी रेषेच्या जरा खालची मुलं हुडकून जादा तास त्यांनाच द्यायला सुरुवात केली. तिथे त्यांना 'बबल किड्स' म्हणत. आमच्या शाळेतही एका वर्षी अशी यादी निघाली, आणि ती मीच काढली होती. निकाल वाढला, सत्कार झाला. भागाकार शिकलेल्या त्या मुलाचं नाव यादीत नव्हतं, कारण तो रेषेपासून फार लांब होता. म्हणून निकाल चढलेला दिसला, तरी मी लगेच हुरळत नाही.

वाचन आणि गणित हे दोन आकडे मात्र एकाच तराजूत टाकू नका. गणित मूल बहुतेक शाळेतच शिकतं, त्यामुळे गणिताचा आकडा शाळेबद्दल जास्त सांगतो. वाचनाच्या चाचणीत घरातल्या गप्पा, गोष्टी आणि जगाची माहिती हे सगळंच उतरतं. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. तेव्हा वाचनाच्या ६२ टक्क्यांचं सगळं श्रेय शाळेला देऊ नका.

मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा दोन गोष्टी मागा. हीच मुलं मागच्या वर्षी तिसरीत कुठे होती आणि यंदा कुठे आहेत, ही वाढ. आणि गणितात नेमकं कशात अडलं. अपूर्णांकात अडलं असेल तर शिकवण्यात डोकावायला हवं. शाब्दिक उदाहरणांत अडलं असेल, तर बऱ्याचदा तो प्रश्न गणिताचा नसून वाचनाचा असतो. किती मुलं गैरहजर होती, तेही जाता जाता विचारा. कच्ची मुलं चाचणीच्या दिवशी घरी राहिली की आकडा आपोआप सुधारतो.

मुलीच्या स्वतःच्या निकालपत्रावर पुढे कधी '७० पर्सेंटाइल' दिसलं, तर ते ७० टक्के गुण नव्हेत. तुलनेच्या गटातली साधारण ७० टक्के मुलं तिच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

मी शाळा कधी बदलेन? लागोपाठ तीन वर्षं, त्याच मुलांची वाढ इतर शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा कमी पडत असेल आणि विचारल्यावर मुख्याध्यापक तक्ता पुढे न करता विषय बदलत असतील, तर. तुमच्याकडे अजून एकाच वर्षाची घसरण आहे, आणि तीही तुमच्या मुलीच्या वर्गाची नाही.