बेळगाव-निपाणीकडच्या मुलांना पहिल्यांदा स्कीइंग शिकायला पाठवायचंय, शाळा कशी निवडावी?

तुम्ही निपाणीचे, मुलगा पहिल्या पीयूसीला म्हणजे अकरावीला, मुलगी नववीला, दोघांनी बर्फ फक्त मोबाइलवर पाहिलाय. आणि औली, गुलमर्ग, मनाली यांपैकी कुठली स्की स्कूल चांगली, असं विचारलंय. मी बेळगावच्या टिळकवाडीतला. माझी मुलगी आणि पुतण्या याच वयात शिकले, त्या वेळी बरीच फोनाफोनी केली होती, म्हणून लिहितो.

आधी गाव ठरवू नका. शिकवणार कोण, एका शिक्षकामागं पोरं किती आणि शिकवायचा उतार कसला, हे कळलं की गाव ठरवायला वेळ लागत नाही. सात-आठ पोरांमागं एक शिक्षक असेल तर ठीक. बारा-पंधरा असतील तर निम्मा दिवस आपली पाळी येईपर्यंत थंडीत उभं राहण्यात जातो, आणि या वयाची पोरं उभी राहिली की फोन काढतात.

शिक्षकाबद्दल विचारताना 'अनुभव किती वर्षांचा' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. बर्फाच्या गावातला प्रत्येक जण लहानपणापासून स्कीवर असतो, पण स्वतःला येणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवणं वेगळं. आपल्याकडच्या सरकारी संस्थांत बेसिक, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स आणि त्यानंतर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे एमओआय, असे कोर्स असतात. फोनवर सरळ विचारा, 'शिकवणाऱ्यानं एमओआय केलंय का, कुठल्या संस्थेतून?' ज्याच्याकडं आहे तो लगेच सांगतो.

दुसरी परीक्षा भाड्याच्या सामानाची. बूट स्कीला ज्या खटक्यानं अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पोरगं पडलं की ते सुटायला हवं, नाहीतर लांब स्की बर्फात रुतते आणि गुडघा किंवा नडगी पिळवटते. ते किती घट्ट ठेवायचं हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि येतं किती यावर ठरतं. म्हणून काउंटरवरच्या माणसानं वजन न विचारताच स्की हातात दिली, तर ती शाळा नको. माझ्या मते एवढी एक गोष्ट जाहिरातीतल्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त सांगते. हेल्मेट भाड्यात धरलंय की वेगळं, तेही विचारून घ्या. 'नवशिक्यांना काय गरज' असं उत्तर आलं तर पुढं बोलूच नका.

आता वयाचं. लहान पोरं पडली की हसतात आणि उठतात. चौदा-सोळाची पोरं आपण पडताना कोण बघतंय हे आधी बघतात. त्यांना आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गात बसवलं तर दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागतं, आणि मोठ्या माणसांच्या वर्गात घातलं तर कंटाळतात. तेरा ते सतराचा वेगळा गट आहे का, हे विचारा. मुलग्यांची दुसरीच गंमत असते, दोन दिवसांत थोडं जमलं की सरळ खाली सुटायचं. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून वेग कमी करायचा, म्हणजे स्नोप्लाऊ, तो पक्का झाल्याशिवाय लिफ्टवर न नेणारा कडक शिक्षक मिळाला तर नशीब समजा. आणि तुम्ही दोघं उताराच्या कडेला उभं राहून व्हिडिओ काढू नका हो. शिकायचं असेल तर तुम्ही वेगळा वर्ग घ्या.

मनालीजवळच्या सोलंगला पर्यटकांसाठी जे 'स्कीइंग' असतं ते शिक्षण नव्हे. भाड्याचा गमबूट-कोट, एकानं हात धरून थोडं घसरवलं, फोटो, संपलं. मनालीला खरं शिकायचं तर अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे, १९६१ पासूनची. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन खात्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग, म्हणजे आयआयएसएम, आहे. उत्तराखंडातल्या औलीत तिथल्या सरकारचं गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे कोर्स घेतं. सरकारी कोर्सचं मला आवडतं ते असं की रोज ठरल्या वेळी उठणं, व्यायाम, बर्फावर सराव, सगळं शिस्तीत, आणि पोरं पोरांत राहतात. पैसेही खाजगीपेक्षा कमी. पण तारखा ठरलेल्या, जागा लवकर भरतात, डॉक्टरचा दाखला लागतो आणि वयाची अट असते. मुलीचं वय बसतं का ते आधी बघा. चौदा दिवस कॉलेज बुडवणं पीयूसीवाल्याला जमणार नाही. त्यामुळं तुमच्यासाठी सात दिवसांचा कोर्स, नाहीतर चांगल्या खाजगी शाळेत निदान पाच दिवस. तीन दिवसांत तोल सापडेपर्यंत परतीची गाडी येते.

औली आणि गुलमर्ग या दोघांत निवडायचं तर पहिल्या वेळेला मी औली म्हणेन. उतार मोजका आहे, पोरं नजरेच्या टप्प्यात राहतात. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धाही तिथं झाल्या होत्या. मात्र औलीच्या पायथ्याचं जोशीमठ खचल्यानंतर, जानेवारी २०२३ पासून, तिथून वर जाणारा मोठा रोपवे बंद पडला. वर रस्त्यानंच जायचं धरून चाला. गुलमर्गला बर्फ जास्त, श्रीनगर विमानतळ जवळ. नवशिक्यांचे उतार खालच्या मैदानात आहेत आणि तेवढंच बघायचं. गंडोल्याचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर नेतो. तिथं फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एक रशियन गेला. हे सगळे सराईत लोक. कुठलीही शाळा 'शेवटच्या दिवशी पोरांना वर नेतो' म्हणाली तर नाही म्हणा. पहलगामच्या हल्ल्यानंतर घरची वडीलधारी काश्मीर म्हटलं की बिचकतात, तो निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा.

वेळेची खरी अडचण आपल्या शाळांची आहे. दसऱ्याच्या सुट्टीत बर्फ नसतो, मे महिन्यात उतार संपलेले असतात, नाताळात भरवसा नाही. बर्फाचा काळ जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी, आणि तेव्हाच पीयूसीची परीक्षा डोक्यावर. सव्वीस जानेवारीच्या आसपासचा आठवडा रजा टाकून साधावा. अलीकडं तोही नक्की नाही. २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या होत्या. म्हणून बर्फ नसेल तर पैसे परत की पुढची तारीख, हे लेखी घ्या.

जाताना गोवा एक्सप्रेसनं बेळगावहून निजामुद्दीन, दीड दिवस. आपण साडेसातशे मीटरवरचे लोक, गुलमर्ग साडेसव्वीसशेवर, औलीही साधारण तेवढीच किंवा जास्त. पोचल्याचा दिवस वर्ग नको, पाणी भरपूर पाजा. स्कीचे बूट चपलेच्या नंबरात नसतात, पायाच्या सेंटिमीटरमध्ये असतात. घरीच पाय मोजून लिहून ठेवा. मोजा एकच, लांब आणि पातळ. थंडी वाजेल म्हणून दोन चढवले की बूट पायात फिरतो आणि नडगी सोलते. जीन्स अजिबात नको, ती भिजली की वाळत नाही. हातमोजे मात्र स्वतःचे घ्या. भाड्याचे आधीच्यानं भिजवलेले असतात.

आपल्याकडं बेळगावात मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, असल्यामुळं कुणी ना कुणी निवृत्त फौजी ओळखीचा असतोच. त्यांच्यात गुलमर्गच्या लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलला जाऊन आलेला एखादा काका सापडला तर पोरांना अर्धा तास त्यांच्याकडं बसवा. ही लष्करी शाळा १९४८ साली स्की स्कूल म्हणूनच निघाली होती. पडायचं कसं आणि उठायचं कसं, हे काका अंगणातच करून दाखवतील.

एक राहिलं, विमा. बऱ्याच प्रवास विम्यांत स्कीइंग साहसी खेळ म्हणून वगळलेलं असतं. पॉलिसी काढायच्या आधी एजंटला ते कलम दाखवायला सांगा.