रक्तवाहिन्या अवयवाला केवळ रक्त पुरवतात, की त्याला घडवतातही?

आपण विचारले आहे की, दात्याचे उरलेले यकृत पुन्हा वाढते तेव्हा रक्तवाहिन्यांचे काम रक्त पोहोचवण्यापुरतेच असते का, आणि वाहिन्या वाढवणारे औषध देऊन ही वाढ लवकर घडवता येईल का. मी बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवतो. तीन दिवस उबवलेल्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडली की बलकावर तांबड्या रेषांचे जाळे आणि मधोमध धडधडणारा हृदयाचा ठिपका दिसतो. नुसत्या डोळ्यांना यकृत मात्र कुठेच दिसत नाही. तेव्हा हमखास कोणीतरी विचारते, ‘सर, घर बांधायच्या आधीच नळ?’

हे नळ घर बांधायलाही लावतात, हे 2001 मध्ये दोन प्रयोगांतून स्पष्ट झाले. उंदराच्या भ्रूणात यकृताच्या कोंभाभोवती वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी जमतात, त्या वेळी तिथे रक्त वाहू लागलेलेही नसते. तरीही ज्या भ्रूणांत या पेशी तयारच होत नाहीत, त्यांत तो कोंभ फुटतो खरा, पण पुढे वाढत नाही. दुसऱ्या प्रयोगात बेडकाच्या भ्रूणातून महाधमनी बनवणाऱ्या पेशी काढून टाकल्या, तर स्वादुपिंडाच्या जागी इन्शुलिन तयार होईना. म्हणजे प्राणवायू आणि अन्न यांच्याही आधी अस्तराच्या पेशींकडून रासायनिक निरोप येतो.

यकृताच्या पुनर्निर्मितीत हेच पुन्हा दिसते. उंदराच्या यकृताचा सुमारे 70 टक्के भाग काढल्यावर पहिले काही दिवस उरलेल्या भागातील सूक्ष्म वाहिन्यांच्या अस्तर-पेशी स्वतः फारशा विभागत नाहीत. त्या वाढीचे घटक स्रवतात, त्यांच्या प्रभावाखाली यकृतपेशी विभागू लागतात, आणि वाहिन्यांची स्वतःची वाढ त्यानंतर होते. हा क्रम मला या साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण भाग वाटतो. व्हीईजीएफ हे वाहिन्यांच्या वाढीला चालना देणारे प्रथिन; अस्तर-पेशींवरील त्याचा एक ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप पकडणारा रेणू, काढून टाकला, की यकृताची वाढ रखडते.

आता औषधाबद्दल. वाहिन्या जास्त म्हणजे वाढ जास्त, असा सरळ हिशेब इथे लागू पडत नाही. उंदराच्या भ्रूणात स्वादुपिंडाभोवती वाहिन्या प्रमाणाबाहेर वाढवल्या, तर त्याच्या शाखा फुटणे आणि वाढ उलट मंदावते. शिवाय, यकृताला वारंवार इजा होत राहिली तर त्याच अस्तर-पेशींचा निरोप बदलतो आणि नव्या यकृतपेशींऐवजी तंतुमय व्रण वाढू लागतो.